पोलिश 'बाबा' म्हणजे म्हातारी, मग मराठीत काय लिहायचं?

रानवाटा: एका पोलिश लोककथेचं मराठी करतेय. जंगलातली म्हातारी चेटकीण म्हणजे 'बाबा यागा'. नाव तसंच ठेवलं, तर भाची पहिल्याच पानावर अडली. "मावशी, बाबा आहे ना? मग 'ती आली' का लिहिलंस?" पोलिशमध्ये बाबा म्हणजे बाई, बऱ्याचदा वयस्क, खेडवळ, आणि बोलण्यात थोडी हेटाळणी. 'म्हातारी'त ती हेटाळणी येत नाही, 'थेरडी' अंगावर येतं. काय वापरू?

पंचगंगा: आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका नि पोरं. माझी आजी तिथं दूध घालायची. पोलिश पोरं आजीला हाक मारायची ती तिला 'बापचा' अशी ऐकू यायची. ती सांगायची, "बाप लढाईवर गेलाय, म्हनून पोरं म्हातारीलाच बापाच्या जागी मानत्यात." मूळ शब्द 'बाब्चा', बाबाचंच लाडकं रूप, उच्चारताना ब चा प होतो. आजीनं ऐकलं ते बरोबर, अर्थ तिचा तिनं लावला. मला तो अजून सोडवत नाही.

अक्षरधन: 'वृद्धा' लिहा. छापील मजकुरात म्हातारी, थेरडी नको. मुलं वाचणार आहेत.

रानवाटा: वृद्धा चेटकीण? ती वृद्धाश्रमातून आल्यासारखी वाटते हो.

देवराई: म्हातारीला नावं ठेवू नका. पोलंडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात थंडीआधी चार ऊबदार दिवस येतात, त्यांना 'बाब्ये लातो' म्हणतात, म्हणजे म्हातारीचा उन्हाळा. त्या दिवसांत शेतावर कोळ्यांचे धागे तरंगतात, त्यांनाही तेच नाव. युझेफ खेउमोन्स्कीचं त्याच नावाचं १८७५चं चित्र वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अनवाणी शेतकरी पोरगी उताणी पडलीय, वर केलेल्या हातात असा एक धागा. ते पाहिलं आणि मला रुईचं बोंड आठवलं. उकललं की चपट्या तपकिरी बीला रेशमी झुपका, फुंकर मारली की उडाली म्हातारी! आम्ही ती धरायला बांधावरून पळायचो. इतक्या लांबच्या दोन भाषांना उडत्या पांढऱ्या तंतूत म्हातारीच दिसली. शब्द तिथेच आहे, उचला.

अक्षरधन: पण 'म्हातारीचा उन्हाळा' म्हटलं की आपल्याकडे घामोळं आठवतं. आपला ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर हीट.

देवराई: मग 'म्हातारीची ऊब' करा.

तळटीप: मूळ शब्द स्त्रीलिंगीच धरायचा का? पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयाच्या अंगणात जुने दगडी पुतळे आहेत, त्यांना 'प्रशियाच्या बाबा' म्हणतात. त्यातले बहुतेक दाढीवाले पुरुष, हातात शिंग! मला तरी यात तुर्की बाबा, म्हणजे बाप, दिसतो.

पंचगंगा: तसं असेल तर आजी अगदीच चुकली नव्हती :)

सायंतारा: माझ्या मते 'चेटकीण' हाच शब्द तपासायला हवा. पोलिशमध्ये दुसरा शब्द आहे 'व्येज्मा'. तो 'जाणणे' या क्रियापदावरून आला, आणि ते क्रियापद आपल्या विद् धातूचं, वेदाचं भावंड. व्येज्मा म्हणजे मुळात जाणती बाई. गावात बाळंतपण करणारीलाही 'बाबका' म्हणत. अशा बायकांचं पुढे काय झालं? पोलिश संसदेने १७७६ मध्ये चेटकाबद्दलची देहान्त शिक्षा रद्द केली. तरी १८३६ मध्ये, तेव्हा प्रशिया या जर्मन राज्याच्या ताब्यात असलेल्या बाल्टिक किनाऱ्यावर खाउपी गावात क्रिस्तिना त्सेइनोव्हा या विधवेला गावकऱ्यांनी चेटकीण ठरवून समुद्रात टाकून मारलं. म्हणून म्हणते, 'थेरडी' नकोच. 'जाणती म्हातारी' लिहा.

अक्षरधन: मान्य, पण कथेतली यागा पोरं खाते. तिला जाणती म्हणून कसं चालेल?

सायंतारा: तिला पोरं खाणारी केली कुणी, हाच तर प्रश्न आहे.

रानवाटा: मला उद्या पान द्यायचंय. तूर्त 'यागा म्हातारी' लिहितेय. कथेत एक म्हणही आहे: सैतानाला जिथं जमत नाही, तिथं तो बाबाला धाडतो. तिथं काय करू?

देवराई: आपली म्हातारी तर आभाळात बसते. ढग गडगडले की आई म्हणायची, म्हातारी हरभरे भरडतेय.

पंचगंगा: हरभरे? आमच्याकडं जोंधळे दळते.

तळटीप: जात्यावर दळणं वेगळं, भरडणं वेगळं. गडगडाट भरडण्याचाच.