मदत हवी आहे: सीओडीचा वेस्ट बेसिनमध्ये ओतायचा नाही, मग करायचं काय?

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या पर्यावरणशास्त्र विभागात लॅब असिस्टंट आहे. एमएस्सीची मुलं नाल्याच्या पाण्याचा सीओडी (केमिकल ऑक्सिजन डिमांड, पाणी किती प्रदूषित ते सांगणारं माप) काढतात, ओपन रिफ्लक्सने, म्हणजे नमुना आम्ल, क्रोमियमचं डायक्रोमेट, पारा आणि चांदीच्या क्षारांबरोबर फ्लास्कमध्ये उकळून. टायट्रेशन झालं की फ्लास्कमधलं सगळं कॅनमध्ये. ते कॅन आता फ्यूम हुडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) दाटीवाटीने उभे आहेत.

सर म्हणतात, नळ सोडा आणि थोडं थोडं ओता, डायल्यूट होतं. मला पटत नाही. टायट्रेशनमधल्या फेरस अमोनियम सल्फेटने क्रोमियम सहावरून तीनवर, म्हणजे कमी विषारी रूपात येतं, मान्य. पण पारा? 50 मिली नमुन्याला 1 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट पडतं, म्हणजे 0.68 ग्रॅम पारा. पाणी कितीही सोडा, तो तेवढाच राहणार. चांदी वेगळीच.

साठवण्याआधी सोडा घालून न्यूट्रल करू का? आणि सांडलं तर? आमच्या मावशी लगेच ओला पोछा घेऊन धावतात.

प्रतिसाद:
ताई, तुमचं बरोबर आहे, ओतू नका. न्यूट्रलही करू नका. एवढ्या सल्फ्युरिकमध्ये सोडा टाकलात तर उकळून अंगावर येईल, वर वेस्ट वाढेल तो वेगळाच. आहे तसाच जाड एचडीपीई प्लास्टिकच्या कॅनमध्ये, ट्रेमध्ये ठेवून द्या. काठोकाठ भरू नका. लेबलवर पारा, चांदी, क्रोमियम, आम्ल आणि भरायला सुरुवात केल्याची तारीख. त्यात सायनाइड, सल्फाइड किंवा ब्लीच चुकूनही नको, विषारी वायू सुटतो.

सांडलं तर आधी माणसं बाजूला. नायट्राइल हातमोजे, गॉगल घालून कडेने कोरड्या वाळूचा बांध घाला, मग खायचा सोडा कडेकडून आत भुरभुरत जा. फेस थांबला की प्लास्टिकच्या सुपलीने भरा. हा कचरासुद्धा पाऱ्याचाच, त्याच वेस्टमध्ये. पोछा नको, लाकडाचा भुसा तर मुळीच नको. मावशींना फक्त दार अडवायला सांगा.

2016च्या घातक कचरा नियमांत साठवणुकीला 90 दिवसांची मुदत आहे. तळोजा, रांजणगावला सामायिक विल्हेवाट केंद्रं आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारा. माल अधिकृत गाडीनेच जातो, मॅनिफेस्टची (कचरा कुठून कुठे गेला त्या नोंदीच्या कागदाची) प्रत मागून घ्या.

आणि सरांना क्लोज्ड रिफ्लक्सचं, म्हणजे छोट्या बंद नळीत तीच चाचणी करायचं सुचवा. नमुना 2.5 मिलीचा, पारा त्याच हिशेबाने कमी.

धागाकर्ती:
आभारी आहे दादा. क्लोज्ड रिफ्लक्सचं सरांच्या गळी उतरेल, केमिकलचं बिल कमी होतं ना! पण गाडीचा खर्च तुम्ही कुठल्या हेडखाली टाकता? आमच्या ऑफिसला तो हेडच सापडत नाहीये.