गाडी लागणाऱ्यांच्या मनगटावरचा बिंदू: शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांसाठी तो दाबावा का?

धागाकर्ती (गंगापूर रोड)

गेल्या पावसाळ्यात माझ्या जाऊबाईंची पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया इथल्याच एका रुग्णालयात झाली. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण पुढचा दीड दिवस त्यांनी किडनी ट्रे मांडीवर घेऊन काढला. ओकारी आली की टाक्यांवर ताण येई, म्हणून त्या पोटाशी उशी आवळून बसत. सप्तशृंगीला जाताना नांदुरीचा घाट सुरू झाला की ज्यांना हमखास गाडी लागते, त्यांपैकी त्या एक आहेत. शस्त्रक्रियेआधीच्या फिटनेसच्या तपासणीत हे त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनाही ते सांगण्यासारखे वाटले नाही.

घरी आल्यावर वाचू लागले, तेव्हा मनगटाच्या आतील बाजूच्या ‘पी-६’ या ॲक्युपंक्चरच्या बिंदूची माहिती मिळाली. मनगटाच्या घडीपासून रुग्णाच्याच तीन बोटांच्या रुंदीइतके वर, दोन कंडरांच्या (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मध्ये हा बिंदू असतो. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८६ च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर त्याचे प्रयोग केले. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या आणि साडेसात हजारांहून अधिक रुग्ण होते. खोट्या, म्हणजे नुसता देखावा असलेल्या उपचाराच्या तुलनेत या बिंदूच्या उत्तेजनाने मळमळीची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने आणि उलटीची सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झालेली दिसली. सुई टोचलीच पाहिजे असेही नाही, बटण असलेली पट्टी बांधली तरी चालते. मग घाटात गाडी लागणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ही पट्टी सरसकट का बांधत नाहीत, असा माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद: एक भूलतज्ज्ञ (कॉलेज रोड)

आपण आकडे बरोबर दिले आहेत, पण त्याच आढाव्याने मळमळ आणि उलटीबाबतच्या या पुराव्याचा दर्जा कमी ठरवला आहे, हे सांगायचे राहिले. जाग्या रुग्णाला आपल्या मनगटावर दाब आहे की नाही हे कळते, त्यामुळे खरी पट्टी आणि खोटी पट्टी यांतला फरक त्याच्यापासून लपवून ठेवणे अवघड जाते. मळमळ तर रुग्णानेच सांगायची गोष्ट आहे, ती मोजायचे यंत्र नाही.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. धोका आधी ओळखण्याचे साधन आमच्याकडे आहे आणि ते फुकट आहे. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी गाडी लागणे किंवा भुलीनंतर उलट्या झालेल्या असणे, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गातील वेदनाशामके घेणे, अशा चार गोष्टी मोजायच्या. एकही नसेल तर शंभरात सुमारे दहा जणांना त्रास होतो, चारही असतील तर सुमारे ऐंशी जणांना. आपल्या जाऊबाईंच्या बाबतीत पहिल्या तीन नक्कीच असाव्यात, म्हणजे शंभरात साठ. अशा रुग्णाला ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन अशी दोन वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे द्यायला हवीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत यांतल्या प्रत्येक औषधाने धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी केला होता. चूक पट्टी न बांधण्यात नव्हती, ती प्रश्न न विचारण्यात होती.

प्रतिसाद: धागाकर्ती

चूक कुठे झाली, हे आपण सांगितले ते मला मान्य आहे. परंतु त्याच आढाव्यात या बिंदूची उलटीरोधक औषधांशीही थेट तुलना आहे. तिथे दोघांच्या परिणामात फरक आढळला नाही, आणि त्या पुराव्याचा दर्जा मध्यम आहे, कमी नव्हे. औषध एक चतुर्थांशाने धोका कमी करते म्हणून आपण ते टोचता, मग जवळजवळ तेवढेच करणाऱ्या पट्टीला दारातच का अडवता? ऑन्डान्सेट्रॉनने डोके दुखते आणि बद्धकोष्ठता होते, हेही रुग्णाला सोसावे लागतेच.

प्रतिसाद: परिचारिका (सिडको)

दोघांच्याही बोलण्यातून वॉर्ड निसटला आहे. पट्टी बांधायची म्हटले की त्या मनगटाजवळ आधीच सलाईनची सुई असते, दुसऱ्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा असतो, आणि बांगड्या काढलेल्या हाताला सूज आलेली असते. नातेवाईक पट्टी घड्याळासारखी मनगटाच्या वरच्या बाजूला बांधतात. बटण घडीवरच आले किंवा दोन कंडरांमधून सरकले, तर ते नुसते रबर उरते. रात्री बारा वाजता ती सरळ कोणी करायची?

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. “पट्टी आहे, इंजेक्शन नको” असे सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. पहाटे त्यांनाच एमसेट (ऑन्डान्सेट्रॉनचे इंजेक्शन) द्यावे लागले.

प्रतिसाद: भूलतज्ज्ञ

पट्टी दारात अडवतो हे खरे नाही. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही या बिंदूचे उत्तेजन प्रतिबंधाच्या उपायांत आहे, आणि धोका जास्त असेल तर एकापेक्षा अधिक उपाय एकत्र करावेत असेच त्या सांगतात. माझा विरोध ‘सरसकट’ आणि ‘ऐवजी’ या दोन शब्दांना आहे.

सिडकोच्या ताईंच्या अडचणीवर एक वाट आहे. भुलीत स्नायू किती शिथिल झाले हे पाहण्यासाठी आम्ही नर्व्ह स्टिम्युलेटर लावतो. त्याची टोके या बिंदूवर, म्हणजे त्याखालून जाणाऱ्या मिडियन नसेवर लावली, तर उत्तेजन आपोआप होते आणि रुग्ण झोपेत असल्याने त्याला काही कळत नाही. २००७ साली हा प्रयोग झाला. मळमळ कमी झाली, उलट्या मात्र कमी झाल्या नाहीत. म्हणून मी औषध सोडणार नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

पुढच्या महिन्यात मावशींची गर्भाशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि त्यांना तर कसारा घाटात आगगाडीही लागते. फिटनेसच्या दिवशी ही गोष्ट आम्ही स्वतःहून सांगणार आहोत आणि दोन औषधे देणार का, हेही विचारणार आहोत. पट्टीही बांधू, सलाईन नसलेल्या हाताला. बटणाची जागा आदल्या दिवशी पेनाने खूण करून ठेवली तर रात्रपाळीच्या ताईंना चालेल का, एवढे सिडकोच्या ताईंनी सांगावे.

प्रतिसाद: परिचारिका (सिडको)

चालेल, फक्त खूण शस्त्रक्रियेच्या जागेपासून दूर आहे हे थिएटरमध्ये आधी सांगा. आणि बोटे निळसर किंवा थंड वाटली, तर आम्हाला न विचारता पट्टी सोडा.