मदत हवी आहे: संभाजीनगरहून एसटीने जाऊन त्याच दिवशी परतता येईल अशा डोंगरवाटा

पायी_वारी
आम्ही चौघी आहोत, कोणाकडेही गाडी नाही. पावसाळा संपता संपता तीन-चार सुट्ट्यांत मराठवाड्यातल्या डोंगरवाटा करायच्या आहेत. सकाळी सहाला मध्यवर्ती बसस्थानकातून निघून रात्री नऊपर्यंत घरी पोचायला हवं. दहा-बारा किलोमीटर चाल जमते. एका वाटेवर बासष्ट वर्षांच्या आईलाही न्यायचं आहे. शोधलं तर सगळीकडे 'पायथ्यापर्यंत गाडी जाते' एवढंच मिळतं, आणि ती गाडी म्हणजे स्वतःची. वेताळवाडीचा किल्ला, पितळखोऱ्याची लेणी, म्हैसमाळचं पठार यांपैकी एसटीने खरंच काय होईल? परतीची गाडी हुकली तर काय करायचं?

सातमाळा_कडा
ताई, परतीचा प्रश्न आधी सोडवा, वाट आपोआप ठरते. ज्या गावाला दिवसातून दोनच फेऱ्या आहेत तिथून चालायला सुरुवात करायची आणि जिथे गाड्या सतत मिळतात त्या हमरस्त्यावर चाल संपवायची. उलटं केलंत तर संध्याकाळी दमलेल्या पायांनी फाट्यावर ताटकळत बसावं लागतं.

म्हैसमाळ याच पद्धतीने करा. सकाळच्या गाडीने वर जा. थेट गाडी नसेल तर खुलताबादला उतरून जीप करा. गिरिजामाता मंदिर आणि कड्यावरून दिसणारं खोरं पाहून खुलताबादपर्यंत बारा किलोमीटर उतरत या. रस्ता डांबरी आहे, वाट चुकायचा प्रश्न नाही. खुलताबादहून शहराकडे संध्याकाळी उशिरापर्यंत वाहन मिळतं. पाय शिल्लक असतील तर घाटाने वेरूळला उतरायला आणखी चारेक किलोमीटर लागतात. म्हैसमाळकडून येणारी येळगंगा तिथे लेण्यांच्या कड्यावरून कोसळते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ तो धबधबा पाहायला मिळतो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी.

आईंसाठी देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला. बारादरीपर्यंतच्या पायऱ्या दमवतात, पण मध्ये बसायला जागा भरपूर आहेत आणि चांदमिनार, हत्ती हौद हा खालचा भाग सपाट आहे. अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग, चढायची असेल तर प्रत्येकीच्या हातात वेगळी बॅटरी हवी. आतल्या पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत, वटवाघळांमुळे निसरड्याही होतात, आणि एका मोबाइलच्या उजेडात मागच्या माणसाला काहीच दिसत नाही. गाडीत बसण्याआधी वाहकाला विचारा, 'दौलताबाद गावातून जाते का?' कन्नड-धुळ्याच्या काही गाड्या आता नव्या महामार्गाने बाहेरून निघतात आणि तुम्हाला भलत्याच चौकात सोडतात.

फाटा_थांबा
वेताळवाडीबद्दल सविस्तर लिहितो, कारण अजिंठ्याच्या डोंगररांगेत एसटीवाल्यांसाठी याहून चांगला किल्ला नाही.

सोयगावला आगार आहे, ही यातली मोठी सोय. थेट सोयगावची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर जळगावची कोणतीही गाडी पकडून फर्दापूरला उतरा. शहर ते फर्दापूर शंभरेक किलोमीटर आहे, पण तीन तास धरा. पुढे सोयगावपर्यंत बस किंवा काळी-पिवळी. सोयगावच्या स्थानकात उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून घ्या आणि त्यातली आधीची तीच आपली गाडी असं समजून चाला.

सोयगावहून वेताळवाडी गाव चार किलोमीटर. तिथून हळद्याकडे जाणारा घाटरस्ता किल्ल्याला बिलगूनच चढतो. ॲपे रिक्षा ठरवून थेट खिंडीत उतरा. तिथून किल्ल्याचा जंजाळा दरवाजा अर्ध्या तासाच्या आत गाठता येतो. दरवाजावर शरभाची (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची) शिल्पं आहेत, ती पाहूनच आत जा. माथ्यावर पाण्याचं टाकं, धान्यकोठार, नमाजगीर (नमाजाची जागा) आणि उत्तर टोकाला दोन कमानींची बारादरी. सोयगावचा सगळा मुलूख तिथून दिसतो. मग आल्या वाटेने न परतता वेताळवाडी दरवाजातून गावात उतरा. ही वाट धरणाच्या बाजूला येते. गावातून सोयगाव पायी तासाभराचं आहे, त्यामुळे रिक्षा नाही मिळाली तरी अडत नाही.

चूक होते ती गवताने. सप्टेंबर-ऑक्टोबरात माथ्यावर कमरेइतकं गवत असतं. पायवाट, पडके चौथरे, टाक्यांची तोंडं, सगळं त्याखाली दडतं. एका हातात काठी हवी, टाकायच्या पावलाआधी तिने चाचपायचं. कुसळं मोज्यांतून आत घुसतात, म्हणून लांब पँट आणि वर गुळगुळीत कापडाचा पट्टा बांधा. डिसेंबरात गवत सुकून बसतं आणि वाटा मोकळ्या होतात. माणशी तीन लिटर पाणी सोयगावहूनच भरून न्या. टाक्यातल्या पाण्यावर विसंबू नका.

सातमाळा_कडा
यात भर: शक्यतो शनिवारी जा. आतल्या गावांना मानव विकास योजनेच्या, शाळकरी मुलींसाठीच्या निळ्या एसटी गाड्या शाळेच्या वेळा धरून धावतात, रविवारी आणि सुट्टीत त्या नसतात. उलट आठवडी बाजाराच्या दिवशी जीपा भरभरून चालतात, म्हणून तालुक्याच्या गावचा बाजारवार विचारून ठेवा. आषाढीच्या सुमारास पंढरपूरसाठी जादा गाड्या काढतात तेव्हा खेड्यांच्या फेऱ्या सर्वात आधी रद्द होतात.

पायी_वारी
दोघांचेही मनापासून आभार. वेताळवाडी नक्की. जंजाळ्याची घटोत्कच लेणी त्याच दिवशी जोडता येतील का? आणि पितळखोऱ्याचं काय?

फाटा_थांबा
एकाच दिवशी नको. जंजाळा वेगळा दिवस मागतो. सिल्लोडच्या पुढे गोळेगाव, तिथून उंडणगाव, अंभई, मग जंजाळा. अंभईपर्यंत वाहन मिळतं, शेवटच्या टप्प्यासाठी रिक्षा ठरवा आणि चालकाला परतीची वेळ सांगून ठेवा. गाव पठारावरच असल्याने किल्ल्यात सपाटीने शिरता येतं, लेणी मात्र दरीच्या पोटात उतरून आहेत. तिथला शिलालेख वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा आहे, म्हणजे पाचव्या शतकातला. अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं त्यानेच कोरवलं. खाली जरंडीकडे पायवाट जाते, पण गावातला वाटाड्या सोबत असेल तरच.

पितळखोरे एसटीने करू नका असंच सांगेन. लेणी अप्रतिम आहेत, पण गौताळा अभयारण्याच्या हद्दीत, फाट्यापासून लांब, आणि जंगलात सूर्य मावळायच्या आत बाहेर पडावं लागतं. चौघी आहात, तर कन्नडपर्यंत बसने जाऊन तिथून येण्या-जाण्याची जीप करा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, वाचलेले पैसे तिथे लावा.

बालाघाटकर
फक्त उत्तरेकडेच बघू नका. नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे, किल्ला बसस्थानकापासून चालत गाठता येतो. बोरी नदीला पूर असला की पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात. संभाजीनगरहून मात्र एका दिवसात होणार नाही, तुळजापूरला मुक्काम करा. सोलापूरच्या गाड्या येडशीवरून जातात, तिथे उतरून रामलिंगच्या दरीत जाता येतं. माकडं फार आहेत, खाऊची पिशवी हातात लटकवू नका. बीडकडून सौताडा घ्यायचा तर जामखेड रस्त्याची गाडी. गावात उतरून रामेश्वराच्या मंदिरापर्यंत पायऱ्यांनी दरीत जायचं. धबधब्याच्या वरच्या काठावर शेवाळ असतं, तिकडे अजिबात फिरकू नका. माहूरला रेणुका, दत्तशिखर, अनसूया एका दिवसात चालत होतात, पण नांदेडहून.

पायी_वारी
मधमाश्यांचं ऐकून आहे. त्याची काय काळजी घ्यायची?

सातमाळा_कडा
आग्या मोहोळ कड्याला आणि लेण्यांच्या कपारींत लागतं. अत्तर, धूर, आरडाओरडा आणि ड्रोन टाळा. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. ओढणीने डोकं आणि चेहरा झाकून, न थांबता त्या जागेपासून दूर निघा, मात्र कड्याच्या काठाकडे नाही. काटे नखाने खरवडून लगेच काढा. धाप लागली किंवा ओठ-जीभ सुजली तर १०८ ला फोन लावा. दऱ्यांत रेंज नसते, म्हणून चौघींत मिळून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतील असं बघा, आणि तिकिटाला सुटे पैसे ठेवाच.