मारुती ८०० ला दोन इंजिनं बसवून ड्रॅग कार, जमंल का?

शिरोलीचा_टर्नर
मंडळी, जुनी कार्बवाली (कार्ब्युरेटरची) ८०० घरात पडून आहे, पासिंग संपलंय, भंगारात घालायला जीव होईना. डोक्यात असं आलंय की दुसऱ्या एका ८०० चं पुढचं आख्खं धूड, म्हणजे इंजिन गिअरबॉक्स ड्राईव्ह शाफ्ट क्रॉसमेंबर सगळं, कापून आणायचं आणि मागच्या सीटच्या जागी वेल्ड करायचं. पुढचं इंजिन पुढची चाकं फिरवंल, मागचं मागची. ड्रॅग म्हणजे फक्त ४०२ मीटर सरळ पळवायची. लेथ आपलीच हाय, वेल्डिंगला मित्र हाय. घोडं अडलंय ते दोन्ही इंजिनं एका तालात कशी ठेवायची ह्यात. एक जास्त फिरलं एक कमी तर गिअरबॉक्स फुटायचा न्हाय का? ३७ आणि ३७ म्हणजे ७४ घोडे, नाद खुळा!

उद्यमनगर_फिटर
तालाची काळजी सोड भावा. क्रँकला क्रँक जोडलास तर ती भानगड, तुझ्या इंजिनांचं नातं फक्त रस्त्यातनं. बैलांना जू असतंय तसं हितं रस्ता हेच जू. दोन्हीकडं गिअर सारखा, डिफरन्शियल सारखं, टायरचा घेर सारखा, मग आरपीएम आपोआप सारखं येतंय. एक जरा ढिलं असलं तर कमी ढकलंल, एवढंच. सिट्रोएन ह्या फ्रेंच कंपनीची टू सीव्ही सहारा गाडी अशीच होती, ४२५ सीसीचं एक पुढं एक मागं, गिअरचा दांडा एकच, आणि एक इंजिन बंद करून बी चालायची.
खरी मारामारी गिअर लिंकेजची, म्हणजे एका दांड्यानं दोन्ही बॉक्स हलवायच्या जोडणीची. पुढचा बॉक्स तिसऱ्यात आणि मागचा दुसऱ्यातच राहिला तर मागचं इंजिन ओव्हररेव्ह, म्हणजे मर्यादेबाहेर फिरून मोडलंच म्हणून समज. तवा दांड्यातला प्ले (ढिलेपणा) आधी काढ. क्लचच्या दोन केबली एका पेडलला घेतोस तर मधी बॅलन्स पट्टी टाक, दोन्ही एकाच जागी धरल्या पाहिजेत. आणि मागच्या हबचे टाय रॉड चासीला पक्के बांध, न्हाईतर मागची चाकं त्यांच्या मर्जीनं वळत्यात 😀
आणि हबमधी, जॉइंटमधी नको तिथं भोकं पाडू नकोस. फोक्सवॅगननं १९८७ ला अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या डोंगरावरच्या शर्यतीत दोन टर्बो इंजिनांची गोल्फ नेली होती, साडेसहाशेच्या आसपास घोडे, आणि शेवटची थोडीच वळणं राहिली असताना सस्पेन्शनचा जॉइंट तुटला. ग्रीससाठी भोक पाडलं होतं त्याच्यातनं.

कळंबा_कार्ब
जमंल हे खरं, पण कशाला? हिशेब बघा. ड्रायव्हर धरून ८०० साधारण ७२० किलो, नेहमीच्या ठोकताळ्यानं ४०२ मीटरला वीस सेकंद. दुसरं इंजिन, त्याचा सांगाडा धरून दीडशे किलो वाढवा, ७४ घोड्यांवर सतरा सेकंद येतात. पण एस्टीमचं (मारुतीचीच मोठी गाडी) एमपीएफआय, म्हणजे कार्बऐवजी इंजेक्शनवालं इंजिन एकटंच पुढं बसवलं, ८५ घोडे आणि वजन पन्नासेक किलोच जास्त, की पावणेसोळा! एका गिअरबॉक्सात, एका क्लचात. मग ते दुसरं धूड कशाला वागवायचं?
दोन इंजिनांचा फायदा पुढची चाकं जागेवरच फिरायला लागतात तिथं. सुटताना वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात, पॉवर असून उपयोग नाही. ८०० चे ३७ घोडे काय चाकं फिरवणार? म्हणून आधी एक एस्टीम, ते जमलं तर मागं दुसरं. १७० घोडे झाले की साडेतेराच्या आसपास, कागदावर हं.

रंकाळ्याचा_राजू
मागं इंजिन म्हटल्यावर पेट्रोलची टाकी कुठं जाणार ते पण ठरव, आणि सीटच्या मागं पत्र्याची भिंत पाहिजेच, जाळ अन् धूर संगट नको बाबा. रेडिएटरचं टेन्शन घेऊ नको, पंधरा सेकंदात काय तापतंय, पाण्याची लहान टाकी बसव. आणि ही गाडी टेम्पोवर चढवूनच न्यायची. कलम ५२ प्रमाणं असले बदल चालत नाहीत, १८९ प्रमाणं रस्त्यावर रेस लावणं गुन्हा. तावडे हॉटेलच्या पुढं हायवेला "जरा बघूया" म्हणून काढशील आणि गाडीसकट पोलिस ठाण्यात जाशील.

शिरोलीचा_टर्नर
कळंबा भाऊ, झोप उडवली तुम्ही, पण हिशेब पटला. म्हणजे आधी एस्टीम. कुणाकडं गिअरबॉक्ससकट इंजिन पडलंय का, वायरिंग आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पण पाहिजे. मागची जागा मात्र मी आत्ताच मोजून ठेवतोय.

उद्यमनगर_फिटर
पुढच्या रविवारी ये, बघून ठेवतो एक. तोपर्यंत आहे ती ८०० सुरू होतीया का बघ.

शिरोलीचा_टर्नर
बॅटरी ट्रॅक्टरला लावलीया.