व्हिएतनाम: दिवाळीच्या सुट्टीत, ज्येनांसोबत. मदत हवी आहे

कैरीचं_पन्हं:

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जायचं घरात पक्कं झालंय. भाऊबीज उरकली की निघायचं, म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. आम्ही दोघं, दहा वर्षांची लेक आणि दोन ज्येना (ज्येष्ठ नागरिक), म्हणजे साबा (सासूबाई) आणि साबु (सासरेबुवा). साबांचे गुडघे कुरकुरतात, पायऱ्या म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. साबु पक्के शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. लेकीला बोटीवर झोपायचंय, बाकी कशाशी तिला देणंघेणं नाही.

एका टूरवाल्याने आठ दिवसांचा कार्यक्रम दिलाय: हनोई, हा लाँग बे, निन्ह बिन्ह, दा नांग, बा ना हिल्स, होई आन, मग सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी), कु चीची युद्धकाळातली भुयारं आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. वाचूनच धाप लागली. म्हणून स्वतःच आखावं म्हणतेय, पण सुरुवात कुठून करू कळेना.

यातलं काय ठेवू, काय गाळू? व्हिसा घरबसल्या मिळतो म्हणतात, तो नेमका कुठून काढायचा? साबुंना जेवायला मिळेल की मेतकूट-भाजणी बांधून न्यायची? डॉलर न्यायचे की कार्ड चालतं?

शेवटचा प्रश्न खुद्द साबुंचा. त्यांना व्हॉट्सॲपवर आलंय की सायगावात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे आणि व्हिएतनामचे स्वातंत्र्यनेते हो ची मिन्ह यांच्या समाधीवर ते स्वतः महाराजांचा मावळा असल्याचं कोरलंय. त्यांना तिथे हार घालायचाय. खरं आहे का हे?

जुने धागे चाळले, पण बहुतेक कोविडच्या आधीचे आहेत. आगाऊ आभार.

घाटवाट:

आधी नकाशा उघडा, मग टूरवाल्याचा कागद बाजूला ठेवा. हा देश उत्तर-दक्षिण साधारण १,६५० किमी लांब आहे आणि मध्ये एका ठिकाणी जेमतेम ५० किमी रुंद. हनोई ते सायगाव रेल्वेमार्ग १,७२६ किमीचा, गाडीला तीस तासांच्या वर लागतात. त्यामुळे 'व्हिएतनामचं हवामान' असं काही नसतंच. उत्तर, मध्य आणि दक्षिण यांचे ऋतू वेगवेगळे.

तुमच्या तारखांना उत्तर उत्तम असतं. हनोईत पाऊस ओसरलेला, हवेत जरासा गारवा, चालायला सुख. दक्षिणेत पावसाळा संपत आलेला असतो, संध्याकाळी एखादी सर आली तर आली. घोळ आहे तो मध्यात. ईशान्येकडून येणारे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर आपटतात, त्यामुळे ह्यूए, दा नांग, होई आन या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच सर्वात ओले महिने. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर याच दिवसांत पाऊस का पडतो, त्याचीच ही बहीण. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ह्यूए आणि होई आन दोन्हीकडे पाणी शिरलं होतं. होई आनचं जुनं गाव थू बोन नदीला चिकटूनच आहे. तिथल्या तान की नावाच्या जुन्या व्यापारी वाड्यात दरसालच्या पुराची पातळी भिंतीवर खुणा करून ठेवलेली दाखवतात. काही खुणा माणसाच्या डोक्यावर आहेत.

ज्येना सोबत आहेत म्हणून स्पष्ट सांगतो: मध्य भाग या वेळी गाळा. उत्तर निवांत करा, हवं तर शेवटी सायगाव.

झुंबर:

घाटवाट, थोडी असहमत. पाऊस असतो हे खरं, पण मध्य गाळून व्हिएतनाम पाहणं म्हणजे वरण-भातातलं वरण गाळण्यासारखं आहे. होई आनपासून चाळीसेक किमीवर मी सन आहे. चंपा या तिथल्या जुन्या हिंदू राज्यातल्या शिवमंदिरांचा हा समूह. पहिलं देऊळ चौथ्या शतकात राजा भद्रवर्मन याने बांधलं आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत इथे बांधकाम होत राहिलं. लाल विटांची शिखरं, चुना दिसत नाही, विटा एकमेकींना कशा चिकटवल्या यावर अजून वाद चालू आहेत. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत इथलं सर्वात भव्य मंदिर पडलं. पुढे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने काही मंदिरांची दुरुस्ती केली. ते काम चालू असताना २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. साबु जरा जरी धार्मिक किंवा इतिहासवेडे असतील तर त्यांना यापेक्षा जास्त आवडेल असं या देशात मला तरी दुसरं काही दिसत नाही.

आणि पाऊस लागलाच तर दा नांगचं चाम शिल्पसंग्रहालय आहे ना. फ्रेंचांच्या काळातलं, १९१९ मध्ये उघडलेलं, सगळं छताखाली. मी सनच्या मूर्ती तिथेच आहेत.

बा ना हिल्स मात्र खुशाल गाळा. २०१८ मध्ये बांधलेला तो दोन हातांवरचा पूल पाहायला केबल कारने वर जायचं आणि नोव्हेंबरात धुक्यात हात शोधायचे.

घाटवाट:

मी सनबद्दल वाद नाहीच. पण पावसात त्या विटांच्या वाटेवर दुखऱ्या गुडघ्यांनी चालायचं, आणि पूर आला तर हॉटेलच्या खिडकीतून नदी बघायची, हे पाच जणांच्या विमानभाड्यात बसवून पाहा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा, तोच पट्टा कोरडा आणि सुंदर असतो. (फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष, तेत, टाळून. त्या आठवड्यात निम्मा देश बंद आणि उरलेला निम्मा गावी निघालेला असतो.)

ताकभात:

व्हिसाचं आणि पैशांचं मी सांगते, नुकतीच जाऊन आलेय.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' असेल तोच खरा. शोध घेतला की हुबेहूब दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स आधी येतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. सरकारी फी एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५०. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. लेकीचाही वेगळा काढावा लागतो. अर्ज नाकारला तरी फी परत नाही, म्हणून पासपोर्टवर नाव-आडनाव जसं छापलंय तसंच भरा. आपल्याकडे ज्येनांच्या पासपोर्टवर कधी आडनावाचा रकानाच रिकामा असतो, तिथे लोक हमखास अडकतात. कामाचे तीन दिवस म्हणतात, पण दोन-तीन आठवडे हातात ठेवा. आणि प्रिंट काढून न्या, मोबाइलवर विसंबू नका.

मुंबईहून हनोई आणि सायगाव दोन्हीकडे थेट विमानं आहेत, साधारण पाच तास. एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडा, उलटा प्रवास वाचतो.

पैसे: रुपये तिथे कोणी घेत नाही. कोरे, न दुमडलेले डॉलर न्या आणि तिथे डाँग करून घ्या. मोठ्या हॉटेलांत कार्ड चालतं, पण फुटपाथवरच्या कॉफीवालीकडे रोखच लागते. हिशेबाला सोपी युक्ती म्हणजे शेवटची तीन शून्यं काढायची आणि उरलेल्याचं तिपटीहून थोडं जास्त करायचं. म्हणजे एक लाख डाँग झाले सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. पण एक जपा: वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या असतात. प्लास्टिकच्या, चेहरा दोन्हीवर हो ची मिन्ह यांचाच. रात्री टॅक्सीच्या अंधुक उजेडात सत्तर रुपयांच्या जागी सोळा-सतराशे हातातून जातात. पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, साधा उपाय. टॅक्सी तर रस्त्यावरून धरूच नका, ग्रॅब ॲपवर सात आसनी गाडी मागवा, भाडं आधीच दिसतं.

अबोली_गोवा:

शाकाहाराबद्दल: साबु तिथे आपल्यापेक्षा सुखात राहतील!

दुकानाच्या पाटीवर 'चाय' असं दिसलं (रोमन लिपीत सी, एच, ए, वाय) की आत शिरा. ते बौद्ध शाकाहारी. कडक पाळणारे कांदा, लसूण हेसुद्धा वर्ज्य करतात, म्हणजे साबुंच्या चातुर्मासी ताटाच्या बरंच जवळ. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी एरवी मांसाहारी असलेल्या गाड्यांवरही शाकाहारी पदार्थ मिळतात.

'चाय'ची पाटी नसलेल्या ठिकाणी मात्र 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही. टोफूवरही माशाचा सॉस, नुओक माम, ओतलेला असतो आणि फोचं (त्यांच्या नूडल सूपचं) पाणी हाडांचं असतं. मांस नको म्हटलं की कोळंबी घालून आणतात, तीही प्रेमाने. हॉटेलमध्ये कोणाकडून तरी त्यांच्या भाषेत चिठ्ठी लिहून घ्या: मांस, मासे, माशाचा सॉस, अंडं, कांदा, लसूण नको.

आणि साबुंना आधीच कल्पना द्या, शुद्ध शाकाहारी ठिकाणीही सोयाबीनचा 'मासा' समोर येतो. समुद्री शेवाळाची खवलेदार कातडी, शेपटी, सगळं साग्रसंगीत. माझ्या आईने ताटाकडे पाठ फिरवून साधा भात आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मेतकूट न्याच, जागा कितीशी लागते?

हनोईची प्रसिद्ध एग कॉफी अंड्याच्या बलकाची असते. साबुंसाठी दुधाची बर्फ घातलेली घ्या, कंडेन्स्ड मिल्कवर टपटप गाळलेली. जगात ब्राझीलखालोखाल कॉफी हे लोक पिकवतात आणि कडक पितात.

घाटवाट:

महाराजांच्या पुतळ्याबद्दल. तो मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, त्याला काहीही आधार नाही. हो ची मिन्ह यांचं देह जतन केलेलं स्मारक सायगावात नाही, हनोईत आहे. त्यांनी तर दहन करा असं लिहून ठेवलं होतं, पण १९६९ मध्ये गेल्यावर पक्षाने देह जपला आणि १९७५ मध्ये स्मारक उघडलं. दर्शनी भागावर कोरलेल्या शब्दांचा अर्थ फक्त 'अध्यक्ष हो ची मिन्ह'. मावळ्याचा उल्लेख कुठेही नाही. त्यांच्या युद्धाची आखणी करणारा सेनापती व्हो न्युएन ज्याप, ज्याने १९५४ मध्ये दिएन बिएन फूला फ्रेंचांना डोंगराळ दरीत कोंडून हरवलं. त्याचे डाव वाचताना प्रतापगड, उंबरखिंड आठवतात हे मान्य, पण आठवणं वेगळं आणि शिकणं वेगळं. साबुंना दिएन बिएन फूबद्दल वाचायला द्या, हार घरच्या देव्हाऱ्यात घाला.

स्मारक फक्त सकाळी उघडं असतं, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. वर्षातून काही काळ देखभालीसाठीही बंद ठेवतात, तेवढं आधी तपासा. बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत, आत बोलायचंही नाही. लेकीला आधीच बजावा.

झुंबर:

बरं, हरले. मग उत्तराबद्दल सांगते. हा लाँगला लेकीसाठी एक रात्र बोटीवर कराच. चुनखडीची सोळाशेच्या आसपास बेटं, पहाटे डेकवर चहा घेऊन बसलं की साबाही गुडघे विसरतील. हनोईहून गाडीने अडीच तास. बाजूच्या लान हा उपसागरात गर्दी कमी, पाणी तेच. बुक करताना खालच्या मजल्यावरची खोली मागा आणि किनाऱ्यावरून मोठ्या बोटीवर चढताना छोट्या बोटीतून जावं लागतं का ते विचारा. गुहेच्या आणि ति तोप बेटाच्या पायऱ्यांना साबांनी बोटीवरूनच हात करावा, बेटाला चारशेच्या आसपास आहेत. हवा बिघडली की बंदर प्रशासन बोटी रोखतं, त्यामुळे पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्या.

निन्ह बिन्हला त्रांग आन. होडीत बसायचं, वल्हवणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि डोंगरांच्या पोटातून अंधाऱ्या बोगद्यांतून तीनेक तास जायचं. काही ठिकाणी छत इतकं खाली येतं की सगळ्यांनी मान घालायची. गुडघ्यांना काम फक्त चढता-उतरताना. हांग मुआ टेकडीच्या पाचशे पायऱ्या तुम्ही आणि लेक करा.

अबोली_गोवा:

हनोईत रस्ता ओलांडताना: दुचाकी थांबणार नाहीत. संथ, एका चालीने चालत राहायचं, त्या तुम्हाला वळसा घालतात. मध्येच थबकलं किंवा पळालं की त्यांचा अंदाज चुकतो. साबांचा हात धरा आणि मागे वळून पाहू नका. स्कूटर भाड्याने घेण्याच्या फंदात पडू नका. आपला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारातला, ते १९६८ चा मानतात, अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

आणि हो, बाथरूममध्ये जेट स्प्रे असतात. ज्येनांचा हा प्रश्न असतोच, कोणी विचारत नाही.

कैरीचं_पन्हं:

किती आभार मानू! साबुंना पुतळ्याचं सांगितलं. थोडे हिरमुसले, मग ज्यापबद्दल विचारत बसले, आता तासभर तेच चालू आहे.

ठरवलंय ते असं: हनोईत मुक्काम, तिथून निन्ह बिन्ह आणि एक रात्र बोट, मग विमानाने सायगाव, परत मुंबई. मध्य पुढच्या वर्षी मार्चमध्ये, साबांचे गुडघे झाले की (ऑपरेशन ठरतंय). पण साबुंना चंपाची देवळं हवीच आहेत. सायगावच्या बाजूला काही?

झुंबर:

देवळं लांब पडतील. न्या त्रांगचं पो नगर किंवा फान रांगचं पो क्लोंग गराई, दोन्हीकडे अजून पूजा होते. फान रांगच्या भागात चंपाचं शेवटचं राज्य होतं, पांडुरंग नावाचं, ते १८३२ पर्यंत टिकलं. तिथे आजही चाम हिंदू राहतात. पण गाडीने अख्खा दिवस जाईल. त्याऐवजी सायगावच्या इतिहास संग्रहालयात जा, प्राणिसंग्रहालयाला लागूनच आहे. चाम शिल्पांचं चांगलं दालन आहे. लेकीला हत्ती, साबुंना विष्णू. बेन थान बाजाराजवळ मारिअम्मनचं तमिळ देऊळ आहे, हार तिथे घालता येईल.

कु चीला जाणार असाल तर भुयारं पर्यटकांसाठी रुंद केलीत, तरी वाकूनच जावं लागतं. साबांना बाहेर सावलीत बसवा.

कैरीचं_पन्हं:

झकास! शेवटचं: हनोईला स्वेटर लागेल?

ताकभात:

पातळ न्या, बोटीवर संध्याकाळी वारं असतं. आणि ई-व्हिसाच्या अर्जात प्रवेश नोई बाई (हनोई), बाहेर पडणं तान सन न्यात (सायगाव) असं टाका. दोन्ही विमानतळांची नावं यादीत रोमन लिपीत असतात, घाईत दुसरंच निवडलं जातं.