तांबड्या समुद्रात आठवडाभर बोटीवर राहायचं, तर बोट कशावरून निवडायची?

खाडीवाला
आमच्या डायव्हिंग ग्रुपचं नोव्हेंबरात इजिप्तचं ठरतंय. हुरघाडाहून लिव्हअबोर्ड, म्हणजे मुक्काम बोटीवरच आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह. तीन बोटींचे फोटो फिरतायत आणि चर्चा कसली, तर जकुझी कुठल्या डेकवर आहे याची!

माझं मत: पहिला प्रश्न एकच. रात्री आग लागली तर खालच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि ती कुठे उघडते? 2019 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात ‘कन्सेप्शन’ ही डायव्हिंगची बोट जळाली, 34 जण गेले. झोपायच्या खोलीतून दोन वाटा होत्या, पण दोन्ही वरच्या एकाच सलूनमध्ये, म्हणजे बसायच्या-जेवायच्या खोलीत, निघत होत्या, आणि सलून पेटलेलं. रात्री गस्तीला कोणी जागं नव्हतं. कॅप्टनला पुढे कोर्टाने दोषी ठरवलं. 2024 च्या नोव्हेंबरात इजिप्तच्याच मार्सा आलमजवळ ‘सी स्टोरी’ ही बोट पहाटे उलटली. काहींना दुसऱ्या दिवशी आतून जिवंत काढलं, बरेच जण सापडलेच नाहीत. मी जास्त पैसे मोजेन, पण दुसरी वाट उघड्या डेकवर निघणारी बोटच घेईन.

बुडबुडे
घाबरवायचा धागा काढलाय राव. ‘कन्सेप्शन’ अमेरिकेतली, कोस्ट गार्डची तपासणी झालेली बोट होती. तिथे कागद उपयोगी पडले नाहीत, तर हुरघाडाच्या एजंटाने पाठवलेल्या पीडीएफवर काय ठरवणार?

बोटीआधी रूट ठरवा. ग्रुपमध्ये किती जणांचे 50 डाइव्ह झालेत? ब्रदर्स, डेडलस या दक्षिणेकडच्या मरीन पार्कना तेवढे लागतातच. ते उगाच नाही. भर समुद्रात एकटा खडक, भिंत सरळ खोल गेलेली, पाण्याचा करंट दांडगा. डाइव्ह संपली की तुम्ही नारिंगी एसएमबी (खुणेचा उभा फुगा) फुगवून तरंगत राहायचं आणि झोडियाकवाल्याने, म्हणजे छोट्या रबरी बोटीवाल्याने, लाटांतून हुडकायचं. आग कधी तरी लागते, पण बोटीपासून लांब वाहत जाणं हा इथला रोजचा धोका. म्हणून मी विचारतो ते हे: एका गाइडमागे किती डायव्हर, झोडियाक किती, आणि गाइडने त्या रूटवर किती सीझन काढलेत. हॅमरहेड शार्क दिसले नाहीत तरी चालेल, नवख्यांनी उत्तरेचा रूट घ्यावा. थिस्टलगॉर्म हे बुडालेलं जहाज, अबू नुहासचा खडक, रास मोहम्मदचा मरीन पार्क. भरपूर आहे.

किनाराच_बरा
दोघेही बोट हवीच असं धरून चाललाय. कशाला? दाहाब या किनाऱ्यावरच्या गावात खोली घ्या, किनाऱ्यावरून पाण्यात चालत जा. मार्सा आलमहून एल्फिन्स्टनचा प्रवाळ खडक एका दिवसात होतो. रात्री जमिनीवर झोप. ज्यांना बोट लागते त्यांनी आठवडाभर ओकत राहायचे पैसे का द्यावेत?

खाडीवाला
दाहाब मस्तच, पण थिस्टलगॉर्म? 1941 मध्ये जर्मन बॉम्बने बुडालेलं मालवाहू जहाज, पोटात अजून मोटरसायकली आणि ट्रक. शर्म अल शेखहून दिवसाच्या बोटीने गेलात तर पहाटेआधी उठा, आणि पोचाल तेव्हा त्यावर चार-पाच बोटी बांधलेल्या. बोटीवर मुक्काम असेल तर त्यांच्या आधी पाण्यात उतरता येतं. ब्रदर्सला तर दुसरा मार्गच नाही म्हणा.

बुडबुडे, गाइडचा मुद्दा मान्य. पण गाइड चांगला आणि बोट लाकडी, वर हौसेने मजले चढवलेली, हे चालेल तुम्हाला?

बुडबुडे
लाकडी बोटींतून वर्षानुवर्षं लोक जातायत. मीही गेलोय. वारा असताना बंदरातून न निघणारा कॅप्टन मला स्टीलपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

मासोळी
तो कॅप्टन मुंबईत बसून कसा ओळखणार ते सांगा. मी एका एजंटाला विचारलं, रात्री गस्तीला कोण असतं? उत्तर आलं, “मॅडम, डोन्ट वरी.” दुसऱ्याने माणसाची ड्यूटी, बॅटऱ्या चार्ज करायची जागा (केबिनमध्ये सक्त मनाई) आणि खालच्या केबिनच्या हॅचचा (बाहेर पडायच्या झडपेचा) व्हिडिओ पाठवला. मी दुसऱ्याकडे बुकिंग केलं. व्हिडिओ जुना असू शकतो हे कळतं मला, पण प्रश्न ऐकून कोण वैतागतं यावरूनही बरंच समजतं.

आणि पहिल्या संध्याकाळी, बोट बंदरात असतानाच, दिवे बंद करून केबिनपासून डेकपर्यंत हाताने चाचपत जाऊन बघा. हॅचवर कुलूप किंवा गादी दिसली तर तिथेच उतरायचं.

किनाराच_बरा
ताई, कोणी उतरत नाही हो. पैसे भरलेले, परतीचं तिकीट काढलेलं, ग्रुप बिअर उघडून बसलेला. “जाऊ दे, सहाच दिवस” म्हणतात.

मासोळी
म्हणूनच बुकिंगच्या मेलमध्ये लिहून घ्यायचं: हॅच बंद असेल तर पैसे परत. ज्याने लिहून द्यायला नकार दिला, त्याची जकुझी त्यालाच लखलाभ.

बुडबुडे
असं लिहून देणारा इजिप्तात सापडला तर नंबर मलाही पाठवा. तोवर मी गाइड बघूनच जाणार. खाडीवाला, 50 डाइव्हचं उत्तर राहिलंय.

खाडीवाला
सहापैकी दोघांचे आहेत. उत्तरेचाच रूट घेतोय.