निवाडा कुळांचा, दंड जमीनदाराचा

बरेचजण म्हणतात की सरंजामी काळात सरदार बोलेल तोच कायदा. तेराव्या शतकातल्या इंग्लंडपुरतं तरी ते सरसकट खरं नाही. मॅनरच्या, म्हणजे अशा सरदार-जमीनदाराच्या जहागिरीच्या, कोर्टात त्याचा कारभारी बसायचा खरा, पण निवाडा द्यायची कुळंच, तिथल्या वहिवाटीप्रमाणे. कुणाची गाय दुसऱ्याच्या पिकात शिरली, कुणी नांगरताना शेजाऱ्याच्या पट्टीत घुसला, असले तंटे. (बांधाची भांडणं तिथेही होतीच!) मेख पुढे आहे. दंड जायचा जमीनदाराच्या खिशात. कूळ मेलं की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर 'हेरियट' म्हणून तोच न्यायचा, पोरीच्या लग्नालाही त्याला पैसे मोजायचे. आणि त्याने जमिनीवरून हुसकलं, तर बांधील (म्हणजे स्वतंत्र नसलेल्या) कुळाला राजाच्या कोर्टात दादच मागता येत नसे.